घडविलेल्या देहाचा न्याय

डिसेंबर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या व्यावसायिक शाखेने आपल्या स्त्री स्पर्धकांच्या नावे एक परिपत्रक काढले. शरीरसौष्ठव, फिटनेस आणि फिगर या तिन्ही विभागांत उतरणाऱ्या स्त्रियांनी आपली स्नायुसंपदा वीस टक्क्यांनी घटवावी, अशी त्यात सूचना होती आणि तिला सौंदर्यदृष्टी व आरोग्य अशी दोन कारणे जोडलेली होती. ज्या खेळात वर्षानुवर्षे पहाटे उठून, वजने उचलून, तोलूनमापून खाऊन स्नायू वाढविणे हीच साधना मानली जाते, त्या खेळाच्या नियामकांनीच साधकाला साधनेचा पाचवा हिस्सा परत करावयास सांगावे, हा प्रकार क्रीडेच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. त्याच महासंघाच्या पुरुष स्पर्धकांचे देह त्या काळात उत्तरोत्तर अधिक प्रचंड होत चालले होते. त्यांच्या नावे मात्र असा हुकूम निघाला नाही.

तो हुकूम आज वीस वर्षांहून अधिक जुना झाला असला, तरी त्यामागची मनोवृत्ती अद्याप ताजी आहे, आणि आता आपल्याकडच्या मंचांवरही स्त्रिया या स्पर्धांत उतरू लागल्या असल्यामुळे तिचा विचार करणे अगत्याचे झाले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जिने परिश्रमाने देह घडविला, तिचा निकाल त्या परिश्रमाच्या फळावरूनच लागला पाहिजे. बळ कमवावे, पण पाहणाऱ्याचे मन दचकेल इतके कमवू नये, अशी अट घालून जी स्पर्धा भरविली जाते, ती स्पर्धकाकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी मागते, आणि त्या मागणीची किंमत अखेर स्त्रीच्या हाडामांसातून वसूल होते.

या खेळाची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे ही अट किती खोलवर रुजलेली आहे हे ध्यानात येते. पुरुषदेहाची जाहीर परीक्षा घेण्याचा पायंडा युजेन सँडोने १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पाडला, आणि परीक्षकांच्या आसनावर आपल्याबरोबर शिल्पकार चार्ल्स लॉज व कादंबरीकार आर्थर कॉनन डॉइल यांना बसविले. स्त्रियांसाठी तशा परीक्षेची दारे उघडावयास त्यानंतर पाऊणशे वर्षे जावी लागली. मध्यंतरी, १९४० च्या दशकात, कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर अ‍ॅबी स्टॉकटन ही तरुणी जाहीरपणे वजने उचलीत असे, धडधाकट पुरुषाला आपल्या हातांवर तोलून धरीत असे, आणि एका व्यायामविषयक मासिकात स्त्रियांसाठी सदर लिहून, वजने उचलल्याने स्त्रीचा देह बिघडतो ही समजूत खोडून काढीत असे. परंतु पुरुषांच्या स्पर्धांना जोडून स्त्रियांचा म्हणून जो कार्यक्रम होई, तो स्नानवेषातील सौंदर्यस्पर्धेचाच असे. १९७७ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे हेन्री मॅक्गी यांनी स्त्रियांच्या देहाची परीक्षा पुरुषांच्याच निकषांवर घेणारी स्पर्धा भरविली. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला भरलेली जागतिक व्यावसायिक स्पर्धा लिसा लायन हिने जिंकली. आणि १९८० मध्ये फिलाडेल्फिया येथे 'मिस ऑलिंपिया' हा किताब सुरू होऊन तो प्रथम रेचेल मॅक्लिश हिला मिळाला. आरंभीच्या या विजेत्या सडपातळ, रेखीव आणि त्या काळच्या सौंदर्यकल्पनेत सहज सामावणाऱ्या होत्या, आणि त्यामुळे निकषांचा प्रश्न काही काळ कोणाला पडलाच नाही.

तो प्रश्न १९८३ मध्ये लास व्हेगास येथे भरलेल्या एका स्पर्धेत बेव्ह फ्रान्सिसच्या रूपाने उभा राहिला. ही ऑस्ट्रेलियन स्त्री पॉवरलिफ्टिंगमधील जगज्जेती होती. तीनशे पौंडांहून अधिक वजन बेंच प्रेसमध्ये उचलणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झालेली होती. त्या स्पर्धेवर जॉर्ज बटलर यांनी काढलेला 'पंपिंग आयर्न २' हा चित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्यात नियामकांची व परीक्षकांची मसलत जशीच्या तशी पाहावयास मिळते. स्नायू हवेत, परंतु स्त्रीत्वाला बाध येईल इतके नकोत, दोहोंचा मध्य साधला पाहिजे, असा तिचा रोख आहे; पण तो मध्य कोठे आहे हे तेथे कोणालाही सांगता आलेले नाही. मंचावर इतर कोणाहीपेक्षा अधिक स्नायू घेऊन उभी राहिलेली फ्रान्सिस आठव्या क्रमांकावर गेली. जिंकली कार्ला डनलॅप, आणि ती त्या मानास पात्र होतीच. परंतु आठव्या क्रमांकाचा अर्थ लावताना असे दिसते, की फ्रान्सिसला कमी पडले म्हणून नव्हे, तर जास्त झाले म्हणून मागे ठेवण्यात आले.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. फ्रान्सिसने काही वर्षे आपला देह परीक्षकांच्या अपेक्षेबरहुकूम आटोपशीर केला आणि १९८७ मध्ये जागतिक व्यावसायिक स्पर्धा जिंकली. १९९० च्या मिस ऑलिंपियात ती दुसरी आली. १९९१ मध्ये तिने मनातील सर्व संकोच बाजूस सारून, आपल्याला शक्य होता तितका भरदार देह कमावला आणि ती मंचावर आली; स्पर्धेच्या पूर्वार्धात ती आघाडीवर होती, पण अंतिम निकालात लेंडा मरे हिने तिला अवघ्या एका गुणाने मागे टाकले. लगेच पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, महासंघाने स्त्रीत्वाविषयीचे नवे नियम लागू केले. त्या नियमांखाली झालेल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत पॉला बर्कमशॉ ही भक्कम देहाची इंग्लिश स्पर्धक आठव्या क्रमांकावर लोटली गेली, तेव्हा प्रेक्षकांनी इतका निषेध केला की ती स्वतः मंचावर परत आली. ते नियम फार काळ टिकले नाहीत. परंतु २००० मध्ये चेहरा, प्रसाधन आणि त्वचा यांचाही विचार परीक्षकांनी करावा अशी सूचना पुन्हा निघाली, आणि चार वर्षांनी वीस टक्क्यांचे ते फर्मान आले. दर काही वर्षांनी या खेळातील स्त्रिया नियामकांच्या कल्पनेपलीकडे गेल्या, आणि दर वेळी त्यांना कायद्याच्या भाषेत मागे बोलावण्यात आले.

परिपत्रकांनी जे साधले नाही ते विभागांच्या रचनेने साधले. १९९५ मध्ये ऑलिंपियाच्या मंचावर फिटनेस आले, २००३ मध्ये फिगर, २०१० मध्ये बिकिनी, २०१३ मध्ये विमेन्स फिजिक आणि २०२१ मध्ये वेलनेस. निरनिराळ्या देहप्रकृतींच्या स्त्रियांना निरनिराळी दालने मिळावीत यात गैर काहीच नाही, आणि बिकिनी विभागातील स्त्रीचे श्रम कमी दर्जाचे आहेत असे म्हणण्याचा अविचार मी करणार नाही. पण या दालनांची गर्दी वाढत असताना मूळ दालनाला कुलूप लागले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आयरिस काइल हिने दहाव्यांदा किताब जिंकला त्या २०१४ च्या स्पर्धेनंतर मिस ऑलिंपिया बंद करण्यात आली, आणि ऑलिंपियाची मालकी बदलल्यावर २०२० मध्येच ती पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या बाबतीत काय घडले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. अतिविशाल देहांविषयी तेथेही कुरकुर होती. म्हणून २०१६ मध्ये उंचीच्या मानाने वजनाची मर्यादा घालणारा क्लासिक फिजिक हा विभाग ऑलिंपियात आला. पण त्यासाठी मिस्टर ऑलिंपिया एक वर्षही बंद ठेवली गेली नाही, आणि तिच्या इनामाची रक्कम स्त्रियांच्या इनामाच्या कित्येक पटींनी मोठीच राहिली. पुरुषाला पर्याय मिळाला, स्त्रीला बदली मिळाली.

आता अशा स्पर्धेचा दिवस स्पर्धकाच्या बाजूने पाहू. मंचामागच्या खोलीत, मग ती पंचतारांकित हॉटेलातली असो की मैदानालगतच्या शाळेचा वर्ग असो, स्त्रिया प्लॅस्टिकच्या चादरीवर हात अंगापासून दूर धरून उभ्या असतात, कारण त्यांच्या देहावर स्पंजाने वा फवाऱ्याने गडद तपकिरी रंगाचे थर चढविलेले असतात आणि ते वाळेपर्यंत कोठेही टेकून चालत नाही. पाण्याची बाटली जवळ असते, पण तिच्यातला घोट मोजून घ्यावयाचा, कारण त्वचेखाली पाणी राहिले तर स्नायूंच्या रेषा बुजतात अशी समजूत आहे. भाताची वडी, मध, जॅम असे काहीतरी ओठांचा रंग न बिघडविता तोंडात टाकले जाते. रबराचे पट्टे ओढून ओढून स्नायूंत रक्त भरले जाते, ज्याला ही मंडळी पंप म्हणतात. मग खड्यांनी मढविलेल्या दोन वस्त्रखंडांच्या कडेला क्रमांकाचा बिल्ला लावून स्त्री बाहेर जाते आणि पुढून, डावीकडून, मागून, उजवीकडून असे चार वेळा वळून स्वतःस दाखविते. फिगर आणि बिकिनी या विभागांत हे वळणे उंच टाचांच्या पारदर्शक पादत्राणांवर करावे लागते. शरीरसौष्ठव व फिजिक या विभागांत पाय अनवाणी असतात. ज्या पादत्राणांनी पोटरी व पाठीचा कणा यांची नैसर्गिक ठेवण बदलते, ती घालूनच देहाच्या ठेवणीची परीक्षा द्यावयाची, याचे समर्थन क्रीडाशास्त्राच्या आधारे कसे करावे हे मला कळत नाही. आहारामुळे देहातील चरबी आटली की छातीचा उभारही आटतो, आणि तो आटला की स्त्रीत्वाचे गुण कमी होतील या धास्तीने कित्येकजणी शस्त्रक्रियेचा आश्रय घेतात. म्हणजे स्पर्धेच्या एका अटीने जे हिरावून घेतले ते दुसऱ्या अटीसाठी दवाखान्यात जाऊन विकत घ्यावयाचे.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत मंचासाठी चढविल्या जाणाऱ्या या गडद रंगाला आणखी एक पीडादायक बाजू आहे. स्थळ पाहताना, वधूवरांच्या जाहिरातींत आणि नातेवाइकांच्या कुजबुजीत जिचा वर्ण उजळ नाही म्हणून तिला लहानपणापासून कमी लेखले गेले, तिलाच मंचावर सहा छटा अधिक काळी होऊन उभे राहण्यास सांगितले जाते, आणि मंचावरून उतरताच तो रंग घासून काढून पुन्हा उजळपणाच्या बाजारात परत जाणे तिला भाग पडते. या देशात गोरेपणाच्या मलमाचे सर्वांत प्रसिद्ध नाव २०२० मध्ये बदलले गेले. मात्र त्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला आग्रह तितक्या सहजासहजी बदललेला नाही. दोन्ही ठिकाणी त्वचेचा मूळ वर्ण अपुराच ठरतो.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. निरोगी तरुण स्त्रीच्या देहात साधारणपणे वीस ते तीस टक्के चरबी असते आणि स्पर्धेच्या दिवशी ती बारा टक्क्यांच्या आसपास आणली जाते. फिनलंडमधील यवास्क्युला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सत्तावीस स्त्री फिटनेस स्पर्धकांची स्पर्धेपूर्वी व स्पर्धेनंतर तपासणी केली होती. चार-पाच महिन्यांच्या पूर्वतयारीत त्यांच्या देहातील चरबी एक-तृतीयांशाहून अधिक घटली, आणि भुकेचे नियमन करणारे लेप्टिन, स्त्रीत्वाशी निगडित इस्ट्रोजेन, तसेच थायरॉइडचे संप्रेरक ही सर्व खाली आली. आहार पुन्हा वाढविल्यावर काही महिन्यांत बहुतेक गोष्टी पूर्ववत झाल्या, ही समाधानाची बाब होय. परंतु काही संप्रेरके तोवरही आपल्या मूळ पातळीस पोहोचली नव्हती. ही एका तयारीची कथा आहे. जी वर्षातून तीन-चार मंच गाठते, तिच्या देहास सावरण्यास अवधी मिळत नाही. पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ती थांबली की हाडांची घनता घटू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंच्या ऊर्जान्यूनतेविषयी जे निवेदन काढले, ते नेमक्या याच धोक्याविषयी होते. आमच्या व्यायामशाळांत मात्र पाळी थांबणे हे तयारी उत्तम चालल्याचे लक्षण समजणारे प्रशिक्षक आजही भेटतात, आणि ते तसे समजतात यात त्यांच्या अज्ञानाइतकाच स्पर्धेच्या निकषांचाही दोष आहे.

उत्तेजकांविषयी बोलताना आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. पुरुषी संप्रेरकांची कृत्रिम रूपे स्त्रीने घेतली तर आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते, आणि यांतील आवाजाचा बदल बहुधा पुन्हा दुरुस्त होत नाही. देहातील पाणी काढणाऱ्या औषधांनी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा पुरुष विजेता स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मरण पावला, त्याला असेच निर्जलीकरण कारण झाले. महासंघाच्या परिपत्रकात आरोग्याचे नाव होते, तेव्हा या साऱ्याचा बंदोबस्त करण्याचा उपाय चोख उत्तेजक-चाचणी हाच होता. चाचणी करावयाची नाही, औषधे घेणाऱ्यास हात लावावयाचा नाही, आणि देह मोठा दिसला तर मात्र गुण कापावयाचे, या धोरणात आरोग्याची चिंता कोठेच नाही; दिसण्याची चिंता आहे.

जेथे निकष धूसर असतात तेथे परीक्षकाची मर्जी हीच सत्ता होते, आणि अशा सत्तेचा गैरवापर होण्यास वेळ लागत नाही. २०२२ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने अमेरिकेतील या खेळाविषयी जी वृत्तमालिका प्रसिद्ध केली, तीत स्त्री स्पर्धकांवर छायाचित्रांसाठी दडपण आणले गेल्याच्या आणि लैंगिक शोषणाच्या अनेक कैफियती मांडलेल्या आहेत. भारोत्तोलनात असे होणे अशक्य नसले तरी फार अवघड आहे. कर्णम मल्लेश्वरीने सिडनीत २४० किलो उचलले आणि मीराबाई चानूने टोकियोत २०२ किलो, तेव्हा त्या लोखंडाने त्यांच्या नाकाडोळ्यांची चौकशी केली नाही. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरलेल्या प्रतीक्षा बागडी हिच्या पकडीला गुण मिळाले ते तिच्या केशरचनेचा मुलाहिजा न राखता. शरीरसौष्ठवात परीक्षकाच्या डोळ्यावाचून दुसरे माप नाही हे खरे. पण म्हणूनच त्या डोळ्याने काय पाहावे आणि काय पाहू नये याचे नियम इतर खेळांहून अधिक काटेकोर असावयास हवेत.

आपल्या देशात या क्षेत्रात उतरणाऱ्या स्त्रियांचे धैर्य दुहेरी आहे. मणिपूरच्या ममोता देवी युमनाम आणि सरिता देवी थिंगबैजम यांनी संसार सांभाळून आंतरराष्ट्रीय पदके आणली. मुंबईच्या श्वेता राठोर यांनी जागतिक आणि आशियाई मंचांवर आपली छाप पाडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत संशोधनाचे काम करणाऱ्या दीपिका चौधरी यांनी अमेरिकेतील स्पर्धेतून फिगर विभागात व्यावसायिक दर्जा मिळविला. केरळातील मजिझिया भानू २०१८ मध्ये हिजाब परिधान करून मंचावर उतरली आणि जिंकली, तेव्हा वेषाची अट ही काही खेळाची प्रकृती नव्हे, ती सैल करता येते आणि सैल केल्याने खेळाचे काही बिघडत नाही, हेही सिद्ध झाले.

या स्त्रियांना समाज कसे वागवितो हे मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम येथे दिसले. तेथील स्पर्धेत स्त्रियांनी मंचावरील हनुमानाच्या मूर्तीसमोर आपले देहसौष्ठव दाखविले, तेव्हा विरोधकांनी दुसऱ्या दिवशी त्या जागेवर गंगाजल शिंपडून हनुमानचालिसा म्हटली, आणि दोन राजकीय पक्षांचे एकमेकांवर आरोप सुरू झाले. त्या वादात स्पर्धक स्त्रियांची बाजू कोणी फारशी विचारलीच नाही. महाराष्ट्रातील तालमी-तालमींत मारुतीच्या मूर्तीसमोर लंगोट लावलेले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जोर-बैठका काढीत आले आहेत, आणि त्यांच्या घामाने ती जागा विटाळली असे कोणी म्हटलेले नाही, कारण बलोपासनेचे ते दैवतच आहे. त्याच उपासनेने कमावलेला स्त्रीचा देह त्या दैवतापुढे उभा राहिला तर शुद्धीकरणाची गरज का भासावी? ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषाला मुभा आणि स्त्रीला दूषण या न्यायाची जी झाडाझडती घेतली होती, ती अजून पुरी झालेली नाही असे रतलामच्या प्रसंगावरून म्हणावे लागते.

मुंबई श्री, महाराष्ट्र श्री यांसारख्या पुरुषस्पर्धांची आपल्याकडे थोर परंपरा आहे. गिरणगावातील आणि उपनगरांतील मैदानांवर, मंडळांच्या कार्यकर्त्यांनी खुर्च्या मांडून, रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या या स्पर्धांनी कितीतरी कामगार-कुटुंबांतील तरुणांना व्यायामाकडे वळविले. त्याच मंचांवर आता स्त्रियांचा गट आला आहे, आणि तो मंचावर आला म्हणजे प्रेक्षकांतील कित्येक मोबाइल एकदम वर उचलले जातात. त्यांतील किती जण त्या खांद्यांमागची वर्षे पाहतात आणि किती जण निव्वळ कमी वस्त्रांतील स्त्री पाहतात, हे शिट्ट्यांच्या आवाजावरून ओळखता येते. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर त्याच स्त्रीच्या छायाचित्राखाली, ही बाई आहे की पुरुष, हिच्याशी लग्न कोण करणार, अशा मजकुराची रांग लागते. एकीकडे वासनेचे डोळे आणि दुसरीकडे किळसेची भाषा, या दोहोंच्या मध्ये तिने कमावलेले कसब पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटूनच जाते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की ही स्पर्धा मुळातच दिसण्याची आहे आणि स्त्रिया तीत स्वेच्छेने उतरतात. ज्यांना दिसण्यावरून पारख नको त्यांनी कुस्ती करावी. स्वेच्छा मला मान्य आहे, आणि कोणत्याही स्त्रीने बिकिनी घालून मंचावर जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार मला किंवा अन्य कोणाला नाही. पण स्वेच्छेने खेळात उतरणारा माणूस खेळाचे नियम न्याय्य असावेत ही अपेक्षा सोडून देत नाही. पुरुषांची स्पर्धाही दिसण्याचीच आहे. तीत समतोल, भरदारपणा, रेखीवपणा पाहतात, परंतु जबडा पुरेसा मर्दानी नाही म्हणून कोणास खाली ओढीत नाहीत. तेवढाच न्याय स्त्रीला मिळावा, इतकेच मागणे आहे. दुसरा आक्षेप असा, की मर्यादा घातली नाही तर स्त्रिया औषधांच्या आहारी जाऊन देहाचा नाश करतील. हे भय खरे आहे, पण त्याचा इलाज वर सांगितलाच आहे: औषधांची चाचणी करा. लोकांच्या रुचीला पटेल इतपतच बळ बरे, असा निकाल देऊन औषधे थांबत नाहीत. बिकिनी विभागातील बारीक देहासाठीही चरबी जाळणारी औषधे घेतली जातात आणि तेथील उपासमार काही कमी घातक नाही.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. ज्या ज्या राज्य व जिल्हा संघटना स्त्रियांचे गट भरवितात, त्यांनी निकष लेखी स्वरूपात आधी जाहीर करावेत, आणि त्यांत चेहरा, केस, प्रसाधन, दागिने व वर्ण यांना एकही गुण ठेवू नये. प्रत्येक परीक्षकाची गुणपत्रिका निकालानंतर स्पर्धकाला मागताक्षणी मिळावी, म्हणजे आपण कोठे कमी पडलो याचा दाखला तिच्या हाती राहील. परीक्षकांत निम्म्या तरी माजी स्त्री स्पर्धक असाव्यात, आणि जो प्रशिक्षण देतो, छायाचित्रे विकतो किंवा प्रायोजक मिळवून देतो, त्याला परीक्षकाच्या आसनावर बसण्याची मनाई असावी. उंच टाचा ऐच्छिक कराव्यात. वेष किती असावा याची किमान मर्यादा ठेवून, अधिक वस्त्रे घालण्याची मुभा द्यावी. राष्ट्रीय उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेची चाचणी निदान राज्य अजिंक्यपदापासून सक्तीची असावी, आणि मंचावर जाण्यापूर्वी स्त्री डॉक्टरकडून तपासणी व्हावी, जीत पाळीविषयीचा प्रश्न संकोच न ठेवता विचारला जाईल आणि त्याचे उत्तर स्पर्धकाच्या परवानगीवाचून संघटनेच्या दफ्तरी जाणार नाही. आणि इनाम समान असावे. स्त्रियांचे गट लहान आहेत म्हणून इनाम लहान, असा हिशेब मांडला तर गट कधीच मोठे होणार नाहीत.

हे नियमांचे काम झाले. आपले म्हणून एक काम शिल्लक राहते. मुलगी व्यायामशाळेत जाऊ लागली की दंड पुरुषासारखे होतील म्हणून तिला अर्ध्यावर थांबविणारी आई, वजने न देता केवळ ट्रेडमिलवर चालावयास लावणारा प्रशिक्षक, आणि विजेतीच्या पदकाविषयी एक ओळ व तिच्या रूपाविषयी चार ओळी लिहिणारा वार्ताहर, हे तिघे मिळून त्या वीस टक्क्यांच्या फर्मानाची अंमलबजावणी रोज करीत असतात, आणि त्यांना त्यासाठी कोणत्याही महासंघाच्या शिक्क्याची गरज पडत नाही. वजने उचलणारी मुलगी म्हातारपणी अधिक मजबूत हाडे घेऊन चालणार आहे, हे वैद्यकाने वारंवार सांगितलेले सत्य आहे; तिला तिच्या बळाची लाज वाटावी असे वातावरण निर्माण करून आपण तिच्या उत्तरायुष्यातले आरोग्यच हिरावून घेतो. स्त्रीने किती बळ कमवावे याची कमाल मर्यादा ठरविण्याचा हक्क परीक्षकाला नाही, प्रेक्षकाला नाही आणि घरच्या माणसांनाही नाही. तो हक्क तिचा आहे, आणि तिने तो बजावला तर तिच्या श्रमाचे मोल चोख मापाने करणे, एवढेच आपल्या हाती आणि आपल्यावर बंधनकारक आहे.